अडतीस टक्के ऊब

"दार लाव, दार! सगळी थंडी बाहेर चाललीये. या घरात कुणाला कशाची किंमतच नाही."

बेडरूममधून, मफलरच्या आतून ही पुटपुट आली. मी चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभी होते. बाहेर ओमानमधलं, जानेवारीतलं सोहार, चोवीस अंश, समुद्रावरून येणारा मऊ वारा. वर्षातले हे दोनच महिने आम्ही खिडक्या उघड्या टाकून माणसासारखे राहतो. आणि आत आमचे हे. अंगात जाडं जॅकेट, कानांना मफलर, डोक्यावर एसी सोळावर लावलेला आणि त्या एसीच्या बरोब्बर समोर सात पात्यांचा ऑइल हीटर पेटवलेला. हीटरच्या मागच्या भिंतीवर माझं पोळ्यांचं फॉइल, चिकटपट्टीनं पापडासारखं ताणून बसवलेलं. ह्यांच्या हातात कारखान्यातून आणलेला, बंदुकीच्या आकाराचा थर्मामीटर. तो भिंतीवर रोखून हे उभे होते, जणू भिंतीनं चोरी केली होती.

"चहा घ्या," मी म्हटलं.

"बाहेर ठेव. कपाची उष्णता रीडिंगमध्ये येईल."

मी कप बाहेर ठेवला आणि दार लावून घेतलं. शेफील्डमधला गॅस वाचावा म्हणून सोहारमध्ये वीज जाळायची, हा आमच्या घरातला गेल्या तीन आठवड्यांचा उद्योग होता.

ह्यांचं नाव नंदकुमार. इथल्या मराठी घरांत सगळे नंदूकाका म्हणतात. आधी आम्ही मस्कतला वादी अदाईत होतो, मग सोहारचं बंदर वाढलं, लोखंडाचे कारखाने आले, तसे इकडे आलो. भट्टीच्या आतलं विटांचं अस्तर हा ह्यांचा विषय. सोळाशे अंशांचा रस आत राहावा आणि बाहेरून हात लावणाऱ्याचा हात शाबूत राहावा, एवढंच काम. पण ते हे तीस वर्षं करतायत. त्यामुळे उष्णता कुठून आणि कशी पळते हे जगात फक्त आपल्यालाच कळतं, असा ह्यांचा समज आहे. तो फारसा चुकीचा नाही, हीच त्यातली अडचण.

हीटर हुसैनमियाँचा. हुसैनमियाँ ह्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात. कधीकाळी थंडीत जबल अख्दरच्या डोंगरावर सहकुटुंब राहायला गेले होते, तेव्हा घेतलेला. तो वर आणून देताना माझ्याकडे बघून म्हणाले, "भाभी, एक बात पूछूँ? ठंड कहाँ है?"

"इंग्लंडमें," मी म्हटलं.

त्यांनी क्षणभर हीटरकडे पाहिलं, क्षणभर माझ्याकडे, आणि "इन्शाल्ला" म्हणून खाली उतरले. दुसरं काय म्हणणार?

आमची सई इंग्लंडमध्ये शेफील्डला असते. मुलगी पोलादाच्या गावात राहते याचा ह्यांना स्वतःच्या बढतीपेक्षा जास्त अभिमान. तिथे तिचं शंभर वर्षांचं जुनं विटांचं घर आहे, रांगेतलं, दोन्हीकडे शेजारी चिकटलेले. मागच्या फेब्रुवारीत आम्ही तीन आठवडे राहून आलो. घर छान होतं, पण गार म्हणजे गार. खिडक्यांखाली पांढरे रेडिएटर, त्यांतून गॅसच्या बॉयलरचं गरम पाणी फिरायचं, आणि हे दिवसभर रेडिएटरमागच्या भिंतीला हात लावून म्हणायचे, "बघ, भिंत तापतेय. हे लोक रस्त्याला गरम करतायत."

जावई सलील. पुण्याचा, सरळ मुलगा, लीड्सला नोकरी. त्याचा एकच नवाबी थाट होता, आंघोळ. सकाळी साडेसहाला बाथरूमचं दार लागायचं ते सातला उघडायचं. सात वीसची गाडी कशी पकडायचा देव जाणे. अर्धा तास तो बॉयलर स्वयंपाकघरात घुरघुरत राहायचा आणि हे अंथरुणात कुरकुरायचे, "हा आंघोळ करतोय की स्वतःवर लघुरुद्र?"

"हळू बोला. जावई आहे."

"जावई आहे म्हणून तर हळू बोलतोय."

आता खरी गोष्ट सांगते. दिवाळीपासून सलील आम्हाला दिसला नव्हता.

दर शनिवारी, आमच्या दुपारी चारला, सईचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे तेव्हा बारा वाजलेले असतात. दिवाळीत सलील जिमला गेला होता. पुढच्या शनिवारी ऑफिसच्या कामाला. त्याच्या पुढच्या शनिवारी झोपला होता, भर दुपारी बाराला. त्यानंतर ती कारण सांगेनाशी झाली आणि मी विचारेनाशी. पण आईचे डोळे फोनच्या पडद्यावरही कामच करतात. दाराशेजारच्या खुंटीवर एकच कोट. भांडी वाळत घालायच्या जाळीत एकच ताटली. आणि बाईसाहेब उभ्या उभ्या पातेल्यातूनच खातायत.

तुम्ही म्हणाल, मग विचारायचं की. सई कुणाची मुलगी आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. तिनं पहिली नोकरी सोडली तेव्हा मी आठवड्यात दोनदा विचारलं, का गं सोडलीस? तर पुढे सहा आठवडे फोन नाही. फक्त मेसेज, "फाइन". तुम्ही काही विचारा, उत्तर "फाइन". त्या सहा आठवड्यांत माझं वजन चार किलोनं उतरलं, ते मी डाएटमुळे म्हणून सांगितलं. तेव्हापासून मला एवढं कळलं की या मुलीला प्रश्न विचारला की ती दार लावून घेते, आणि आमच्यापाशी तर आता दार नाही, शनिवारची एक तासाची फट आहे. ती बुजली तर काय करायचं?

त्या फटीत पॅनेलं आली. नोव्हेंबरात सई एकदा सहज म्हणाली, "बाबा, घर खूप गार वाटतं हल्ली."

झालं. भट्टी पेटली. रेडिएटरच्या मागे, भिंतीला चिकटवायचे चकचकीत पत्रे मिळतात, प्लास्टिकच्या पाठीवर चंदेरी कागद. भिंतीत जाणारी उष्णता ते परत खोलीत फेकतात, घर गरम करायचा खर्च वाचतो. ह्यांनी दोन रात्री वाचन करून आठ पॅनेलं तिच्या पत्त्यावर मागवली आणि मग चार शनिवार लावण्याचा सोहळा चालला.

"सई, वरची कड रेडिएटरच्या वर दिसता कामा नये. दिसतेय का?"

"नाही दिसत, बाबा."

"मला दिसतेय."

"बाबा, ते माझं कपाळ आहे."

ती हसली. किती दिवसांनी हसली! मी पदराआड डोळे पुसले आणि मनात म्हटलं, शंभर पॅनेलं मागवा, माझी हरकत नाही.

तिलाही हा विषय सोयीचा होता, हे माझ्या लक्षात आलं होतं. पॅनेल हलत नाही, घर सोडून जात नाही, त्याच्याबद्दल तासभर बोलता येतं. आणि ह्यांना तर पॅनेलाशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. खुंटी नाही, कोट नाही, ताटली नाही. मला वाटायचं, बरंय, एका घरात एकानंच झुरावं.

डिसेंबर संपला तसं ह्यांनी जाहीर केलं, "अडतीस टक्के!"

सईच्या गॅस कंपनीचं अ‍ॅप ह्यांनी पासवर्डसकट स्वतःच्या फोनवर घेतलंय, "फक्त रीडिंगपुरतं" म्हणून. त्यात दर अर्ध्या तासाला किती गॅस जळला ते दिसतं. आदल्या डिसेंबरपेक्षा या डिसेंबरात अडतीस टक्के कमी.

"एवढं?" मी पोळी लाटता लाटता थांबले.

"विज्ञान आहे, शैला."

मी बारावी, तीही कॉमर्स. विज्ञानाशी माझा संबंध कुकरच्या शिट्टीपुरता. पण इतकी वर्षं मी ह्यांच्या डब्यातल्या पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळतेय. फॉइल म्हणजे काय आणि किती, हे मला बोटांनी कळतं. पोळी दुपारी एकला गरम असायची ती दीडपर्यंत राहते, इतकंच. फॉइलनं निम्मा चूल-खर्च वाचला असता तर माझ्या सासूबाईंनी घरालाच फॉइल लावलं असतं.

मी पुन्हा लाटायला लागले.

बातमी कौशिकनं फोडली. कौशिक ह्यांच्या हाताखालचा इंजिनियर, चिपळूणचा, त्याची बायको प्रियांका आमच्या खालच्या मजल्यावर. मराठी मंडळाचा तो चिटणीस. संक्रांतीच्या तिळगुळाला "नंदूकाकांचे दोन शब्द" त्यानं ठेवले. विषय : घर गरम ठेवण्याचा खर्च कसा कमी करावा. समोर पस्तीस माणसं, ज्यांना वर्षातले दहा महिने घर गार ठेवायचा खर्च मारतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. काहींनी फोटो काढले. ह्यांनी फळ्यावर रेडिएटर काढला, भिंत काढली, भिंतीतून बाहेर पळणारे बाण काढले आणि मग चंदेरी पॅनेल काढून बाण परतवले. बाण परत फिरले तेव्हा मागे कुणीतरी टाळी वाजवली.

"प्रश्न?" हे म्हणाले.

"काका, हेच पॅनेल उलटं लावलं तर एसीचं बिल कमी होईल का?"

"उलटं म्हणजे?"

"म्हणजे बाहेरची गरमी बाहेर."

"खिडकीला बाहेरून लावाल तर होईल. ऊन आत यायच्या आधीच परत जाईल. त्यात काहीच चमत्कार नाही."

एवढं पुरलं. चार दिवसांत सोहारच्या सुपरमार्केटातलं फॉइल संपलं. आमच्या इमारतीत सात मराठी बिऱ्हाडं, सातांच्याही पश्चिमेच्या खिडक्या चंदेरी. लांबून इमारत बेकरीतल्या ट्रेसारखी दिसायला लागली. समोरच्या दुकानदारानं दुपारी काळा चष्मा लावायला सुरुवात केली. इमारतीचे मालक, वयस्क ओमानी गृहस्थ, खाली उभे राहून वर बघत म्हणाले, "एश हादा?" म्हणजे हे काय?

"साइंटिफिक, अर्बाब," कौशिकनं वरून सांगितलं.

मालकांनी डोळ्यांवर हात धरून पुन्हा पाहिलं, मान हलवली आणि गाडीत बसले. एसीचं बिल कमी झालं का ते कुणालाच कळेना, कारण जानेवारीत एसी लावतो कोण? फक्त आम्ही.

हो, कारण व्याख्यान झालं तरी ह्यांचा प्रयोग थांबेना. उलट वाढला. "लोकांना पुरावा द्यावा लागतो" म्हणे. कौशिक एकदा वर येऊन ते दृश्य बघून गेला.

"काका, एसी गारवा सोडतोय, हीटर गरम करतोय. दोघं एकमेकांचं खातायत."

"शेफील्डमध्ये काय होतं? बाहेरची हवा खाते आणि बॉयलर भरतो. तेच."

"पण काका, अडतीस टक्के तर आलेत ना? मग अजून काय शोधताय?"

ह्यांनी बंदूक उचलून भिंतीवर रोखली.

त्या तिळगुळाच्या दिवशीची एक गोष्ट राहिली. निघताना प्रियांकानं मला जरा जास्तच घट्ट मिठी मारली. "काकू, सईला माझा नंबर द्या हं. कधीही फोन कर म्हणावं. अगदी कधीही." प्रियांकाचा भाऊ लीड्सला असतो. मला एकदम कळलं की हिच्या कानावर काहीतरी आलंय. आणि मागच्या टाळ्या, ते प्रश्न, पॅनेलाबद्दलची ती सगळी उत्सुकता, त्यातली किती पॅनेलाबद्दल होती? मंडळात कुणीही मला "जावई काय म्हणतात?" असं विचारलं नव्हतं. पस्तीस माणसांत एकानंही नाही. आपली मंडळी इतकी सभ्य नसतात.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून नूतनताईंचा फोन आला. नूतनताई म्हणजे सलीलची आई, आमच्या विहीणबाई.

"तिळगूळ घ्या, गोड बोला," त्या म्हणाल्या.

"तुम्हीपण घ्या. सलील काय म्हणतोय?"

"तिकडे थंडी फार आहे म्हणे यंदा."

"हो ना. आमच्या ह्यांनी पॅनेलं पाठवलीयेत."

"हो का! चांगली असतात म्हणे ती."

"अडतीस टक्के वाचले."

"अगंबाई! एवढे?"

"हो ना. मलाही आश्चर्यच वाटलं."

"भिंतीला लावायची की खाली?"

"रेडिएटरच्या मागे. बाहेरच्या भिंतीलाच लावायची पण. आतल्या भिंतीला लावून उपयोग नाही, उष्णता शेवटी घरातच राहते."

"बरोबर आहे. घरातच राहते."

अकरा मिनिटं आम्ही दोघी बायका पॅनेलावर बोललो. ज्या बाईला फोनवर साध्या भाजीची कृती पुरी ऐकायचा कंटाळा येतो, तिनं चिकटपट्टी एकेरी की दुहेरी हेही विचारलं. शेवटी चिकटपट्टीही संपली तेव्हा त्या म्हणाल्या, "कुकर झाला वाटतं," आणि फोन ठेवला. शिट्टी काही मला ऐकू आली नव्हती.

पुढच्या गुरुवारी हे कारखान्यात असताना मी बेडरूम झाडायला घेतली. फॉइलचे तुकडे, थर्मोकोलचा भुगा, चिकटपट्टीची रिकामी चक्रं. हीटरच्या मागे ह्यांची वही पडलेली होती, कारखान्यात नोंदी ठेवायला देतात तसली, निळ्या पुठ्ठ्याची. वाचायचा विचार नव्हता. उचलली तेव्हा उघडली, एवढंच.

ह्यांचं अक्षर शाळेतल्या फळ्यावरचं असतं तसं आहे. प्रत्येक ओळ तारीख घालून.

फॉइल एक थर : ४ टक्के.
फॉइल दोन थर : ४.
फॉइल आणि थर्मोकोल : ५.
फॉइल भिंतीपासून बोटभर लांब : ५.
पुन्हा : ५.
पुन्हा : ४.
पुन्हा.

पानं उलटत गेले. एकवीस दिवसांचं तेच. एखादी भट्टी गळतेय आणि माणूस प्रत्येक वीट बोटानं वाजवून बघतोय, अगदी तसं. शेवटच्या पानावर एकच ओळ होती. अडतीस वजा पाच, बरोबर तेहतीस. त्या तेहतिसासमोर एक प्रश्नचिन्ह, आणि ते इतक्या वेळा गिरवलेलं की कागद फाटून पेन पलीकडच्या पानावर उतरलं होतं.

मी तशीच गादीच्या कडेला बसले. इतके दिवस मी ज्याला वेड म्हणत होते ते वेड नव्हतंच. मंडळाला पुरावा द्यायचा होता, हेही खोटं. हा माणूस त्या तेहतीस टक्क्यांना जागा शोधत होता. फॉइलमध्ये बसवून बघत होता, थर्मोकोलमध्ये बसवून बघत होता. कारण पॅनेलात बसले नाहीत तर ते कुठे बसतात, हे ह्यांना माहीत होतं. खुंटी मला दिसली होती, ह्यांना आकडा दिसला होता. आणि एकाच पलंगावर झोपून आम्ही दोघंही एकमेकांपासून ते लपवत होतो.

मी वही होती तशीच हीटरमागे ठेवली. केरसुद्धा थोडा परत पसरला.

शुक्रवारी सकाळी ह्यांनी एसी बंद केला. हीटरची वायर गुंडाळली, पाती फडक्यानं पुसली आणि हुसैनमियाँना फोन केला, "ले जाओ. खलास."

"काम हो गया, साब?"

"हो गया."

ह्यांनी बेडरूमच्या खिडक्या उघडल्या. तीन आठवड्यांचा साठलेला गारवा बाहेर गेला आणि समुद्राचा वारा आत आला. भिंतीवरचं फॉइल मात्र तसंच राहिलं, फडफडत.

शनिवारी चार वाजता आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. फोन नेहमीसारखा लोणच्याच्या बरणीला टेकवलेला. ह्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं, साधा बनियन आणि लुंगी. सई पडद्यावर आली तेव्हा तिच्या अंगात मात्र घरात बसूनही कोट होता, डोक्यावर लोकरीची टोपी आणि दोन्ही हातांत वाफ येणारा कप, पिण्यापेक्षा धरण्यासाठीच घेतलेला.

"हाय आई! बाबा, आज जॅकेट नाही? एक्सपेरिमेंट ओव्हर?"

"ओव्हर."

"सो? पॅनेल्स पास?"

हे बरणीवरचं झाकण फिरवत राहिले.

"स्नो पडलाय इकडे," ती म्हणाली. "कालपासून. दाखवू?" तिनं फोन खिडकीकडे नेला. समोरची छपरं पांढरी झाली होती. फोन परत येताना भिंतीवरून सरकला आणि मला तो कोपरा पुन्हा दिसला, खुंटी, आणि आज तर खुंटी रिकामीच, कारण एकुलता कोट तिच्या अंगावर होता.

"जेवलीस का?" मी विचारलं. तेवढाच एक प्रश्न बिनधोक आहे.

"आत्ता जेवेन. मॅगी. आई, डोन्ट से इट."

"मी कुठे काय म्हटलं?"

"बाबा, रीडिंग नाही विचारलंत आज?"

"बघितलं मी."

"अजून थर्टी-एट?"

"एक्केचाळीस."

"वॉव." ती हसली, पण कपाकडे बघून. "मॅजिक आहेत तुमची पॅनेल्स."

मी म्हटलं, "या आठवड्यात तिकडे थंडी जरा कमी असेल, म्हणून असेल."

"आई, स्नो पडलाय."

"हो, तेही खरंच."

ह्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की ह्यांना पडद्यावरचं काही दिसत नाही, नुसता रंग दिसतो. कदाचित म्हणूनच काढला असेल.

"सई, पॅनेल चार टक्के वाचवतं," हे म्हणाले. "फार तर पाच. तुझ्यासारख्या जुन्या घरात, बाहेरच्या भिंतीला. मी इथे बसून सगळं करून बघितलं. एक थर, दोन थर, थर्मोकोल. पाचाच्या वर जातच नाही."

"पण बाबा, अ‍ॅप तर..."

"अ‍ॅप खरंच सांगतंय, बाळा."

मी टेबलाखाली ह्यांचा गुडघा दाबला. पुरे, असं. सहा आठवडे, "फाइन", "फाइन", ते सगळं माझ्या बोटांत आलं होतं. ह्यांनी माझा हात धरला आणि गुडघ्यावर तसाच ठेवून घेतला.

"पॅनेलं मी नोव्हेंबरात पाठवली. गॅस ऑक्टोबरातच कमी झाला. उन्हाळ्यात तुमचं हीटिंग बंद असायचं, तरी आलेखात रोज सकाळी एक उंचवटा दिसायचा. साडेसहा ते सात. रोज. मी तर त्यावरून त्याला नावं ठेवायचो."

पडद्यावर ती हलत नव्हती. मला वाटलं फोन अडकला. पण कपातून वाफ वर चाललेली दिसत होती.

"ऑक्टोबरापासून तो उंचवटा नाहीये. संध्याकाळीही आता बॉयलर एकच तास लागतो, तोही नऊनंतर. स्नो पडला तरी एकच तास." ह्यांचा आवाज भट्टीसमोर उभं राहून बोलावा तसा घोगरा झाला होता. "पॅनेल रेडिएटरच्या मागे लागतं, सई. आंघोळीच्या पाण्याच्या मागे नाही लागत."

"बाबा..."

"सलील त्या घरात राहत नाही. तू एकटी आहेस, आणि तू हीटिंग लावत नाहीस."